नृत्याचे निरूपण

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग हातखंबा ओलांडून पुढे आला, की पालीला त्याला कोल्हापूरचा रस्ता फुटतो. लोक येथे गाडी बदलतात, चहा पितात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. लक्ष्मी-पल्लीनाथाच्या दर्शनाला येणारे सोडले, तर मुद्दाम पालीला म्हणून कोणी येत नाही. अशा गावी बसून मी भारतीय शास्त्रीय नृत्यावर लिहितो आहे, हे पाहून पुण्या-मुंबईचे जाणकार हसतील. हसू देत. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोटासाठी मास्तरकी करतो आणि हौसेने कादंबऱ्या लिहितो. नाचातले मला अंगाने काहीही येत नाही. पण गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एका पोराने मला एक प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नाने माझी झोप उडवली. त्याचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावे, एवढाच हेतू.

आठवीत एक मुलगी आहे. दर शनिवारी दुपारी ती एस.टी.ने रत्नागिरीला जाते आणि भरतनाट्यम शिकते. तिच्या आजीचा याला पहिल्यापासून विरोध. "आपल्या घरातल्या बायका नाचत नाहीत," हे त्यांचे एकच वाक्य. पुढे कोणीतरी त्यांच्या कानावर घातले, की शास्त्रीय कलेची परीक्षा दिली म्हणजे दहावीला वाढीव गुण मिळतात. गुण म्हटल्यावर आजी गप्प झाल्या. तर ही मुलगी संमेलनात नाचली. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. मी मोठ्या ऐटीत जाहीर केले, "आता पाहू या दक्षिण भारताचा एक प्राचीन नृत्यप्रकार!" पोरीने एक पद केले. पाय नेमके पडत होते, डोळे बोलत होते. मांडव शांत होता. पण ती शांतता देवळातल्या पुराणिकासमोरच्या शांततेसारखी, अदबीची आणि थोडी कंटाळलेली. शेवटी टाळ्या पडल्या. पुढच्या सिनेमाच्या गाण्याला त्याहून कितीतरी जोरात पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर नववीतला एक मुलगा खुर्च्या उचलीत होता. त्याच्या घरी नमनाचे खेळे आहेत. शिमग्यात तो लुगडे नेसून गौळण होतो आणि त्या दिवसांत शाळा बुडवतो, म्हणून मी त्याला पूर्वी बरेच बोललो होतो. तो म्हणाला, "सर, ती काय सांगत होती ते तिला तरी समजत होतं काय?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. मी मुलीला बोलावून विचारले. ती म्हणाली, "कृष्णाला बोलावते आहे, एवढं बाईंनी सांगितलंय. शब्द तेलुगू आहेत." मी विचारले, "आणि त्या शब्दांचा अर्थ?" ती जरा थांबून म्हणाली, "परीक्षेला एवढं पुरतं, सर."

शास्त्रीय नृत्याच्या भवितव्यावर मी बरीच भाषणे ऐकली आहेत. दोन हजार वर्षांची परंपरा, भरतमुनींचा वारसा, पाश्चात्त्यांचे आक्रमण, नव्या पिढीची उदासीनता, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. आमची ही पोर मुळीच उदासीन नव्हती. शनिवारची दुपार, एस.टी.तली गर्दी, आजीचा अबोला, हे सारे सोसून ती नाच शिकत होती. तिच्यापाशी ताल होता, मुद्रा होत्या, मेहनत होती. आपण काय सांगतो आहोत, एवढेच तिला कळत नव्हते. आणि तिला कळत नव्हते म्हणून मांडवालाही कळत नव्हते. माझ्या मते आजच्या शास्त्रीय नृत्याचे दुखणे हे आहे. वारसा टिकवण्याच्या गडबडीत त्यातले सांगणे हरवत चालले आहे.

आणि आपली म्हणजे मराठी माणसांची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. कारण मी ज्याला "दक्षिण भारताचा नृत्यप्रकार" म्हणून मोकळा झालो, त्याच्या घडणीत मराठी भाषेचा हात होता. हे मला ठाऊक नव्हते, याची आता लाज वाटते.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतले. तेव्हापासून 1855 मध्ये इंग्रजांनी संस्थान खालसा करीपर्यंत तेथे भोसल्यांची गादी होती. शाळेच्या पुस्तकात हे वाक्य असते आणि त्यावर पूर्णविराम असतो. पण या राजांनी तेथे काय केले? व्यंकोजींचा पुत्र शहाजी 1684 मध्ये गादीवर आला. त्याने मराठीत नाटके रचली. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांपैकी एक. आपण मराठी रंगभूमीचा जन्म 1843 मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवरा'पासून मोजतो. तंजावरला त्याआधी सव्वाशे-दीडशे वर्षे मराठी पात्रे रंगमंचावर बोलत होती. याच शहाजीचे एक नाटक संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत मिळून आहे. एका राजाला आपल्या दरबारात पाच भाषा नांदवाव्याशा वाटल्या आणि त्याने त्या एका रंगमंचावर आणल्या, ही गोष्ट आजच्या काळात मला फार मोलाची वाटते.

पुढे 1798 मध्ये दुसरे सरफोजी गादीवर आले. वर्षभरातच राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला आणि राजांकडे किल्ला, मानमरातब आणि तैनात एवढेच उरले. दुसरा एखादा राजा शिकारीत आणि मद्यात बुडाला असता. सरफोजींनी ग्रंथ जमवले, वैद्यकाचा अभ्यास केला, सरस्वती महाल हे ग्रंथालय वाढवले. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला, तो मराठीत. चोळांचे देऊळ, तमिळ मुलूख आणि भिंतीवर मराठी अक्षरे! त्यांच्याच दरबाराच्या आश्रयाने चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार भाऊ वाढले. मुत्तुस्वामी दीक्षितांचे हे शिष्य. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा जो क्रम आज सगळीकडे चालतो, तो या चौघा भावांनी बसवला. म्हणजे भरतमुनींचे शास्त्र जुने खरेच. पण आमच्या मुलीने संमेलनात जे केले, त्याची आजची बांधणी दोनशे वर्षांची आहे आणि ती मराठी राजांच्या छायेत झाली.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की सरफोजींनी नृत्यासाठी स्वतः मराठी रचना केल्या. 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' अशा नावाने त्या सरस्वती महालात जपल्या गेल्या. जिन्नस हा शब्द वाचून वाण्याची यादी आठवते. पण यादी मोठी गोड आहे. कुमारसंभव, सुभद्रेचे लग्न, मीनाक्षीचे लग्न अशा कथा त्यांनी नृत्यासाठी बांधल्या आणि त्या प्रत्येक बांधणीला नाव दिले निरूपण.

निरूपण! हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटून ठेवले. हा आपल्या कीर्तनाचा शब्द. बुवा पूर्वरंगात अभंग घेतात, त्याचे निरूपण करतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात. मराठी कीर्तन तंजावरला गेले, तेथे रुजले आणि पुढे दक्षिणेच्या हरिकथेला त्याने वळण दिले, हे संगीताचे अभ्यासक सांगतात. सरफोजींनी तोच शब्द नृत्याला लावला. त्यात नुसते नाव घेतलेले नाही, रीतही घेतली आहे. चौघा भावांच्या क्रमात प्रत्येक चीज सुटी असते. अलारिप्पूचा शब्दाशी आणि शब्दाचा पदाशी कथेच्या दृष्टीने संबंध असलाच पाहिजे असे नाही. सरफोजींच्या निरूपणात जयजय, शरणू, अलारू, सोल्लु, शब्द, वर्ण, पद असे करीत मंगळापर्यंत अठरा अंगे येतात आणि या अठरा अंगांतून एकच कथा पुढे सरकते. शुद्ध नृत्य, अभिनय, स्वर, पाटाक्षरे हे सारे एकाच आख्यानाच्या कामाला लावलेले असते. माळेत मणी वेगवेगळे, पण दोरा एक.

आता टीकाकाराचे कामही केले पाहिजे. या रचना म्हणजे मराठी काव्याचे शिखर नव्हेत. भाषा संस्कृताने जड झालेली, दरबारी अलंकारांनी लादलेली. ज्या काळात इकडे शाहिरांची लावणी रसरशीत बोलत होती, त्या काळचे तंजावरचे मराठी मातीपासून दूर पडलेल्या माणसाचे मराठी वाटते. पण मी त्यांना कमी लेखीत नाही. हे शब्द वाचण्यासाठी लिहिलेले नाहीत. हातांनी, डोळ्यांनी आणि पावलांनी भरून काढण्यासाठी मोकळ्या जागा ठेवून लिहिलेले आहेत. घागरीचे मोल ती रिकामी असताना ठरवू नये.

आणि त्या भरून दाखवणारा माणूस निघाला, तोही आपल्याच कोकणचा. आचार्य पार्वतीकुमार मूळ मालवणचे. 1921 मध्ये जन्मले, 2012 मध्ये वारले. मुंबईत त्यांनी भरतनाट्यम शिकले आणि शिकवले, नृत्यनाट्ये बसवली आणि ऐन उमेदीची वर्षे या तंजावरच्या मराठी रचनांच्या अभ्यासाला दिली. हस्तलिखितातले शब्द पुन्हा देहावर आणणे सोपे नसते. ओळ असते, पण तिची हालचाल कोणी लिहून ठेवलेली नसते. त्यांनी 'अभिनयदर्पणा'सारख्या ग्रंथांच्या आधाराने ती बांधली आणि 'तंजावर नृत्यप्रबंध' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रचना नाचून दाखवल्या. पुढे तंजावरच्या त्या चौघा भावांच्या वंशातले किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही त्या शिकल्या आणि भरतनाट्यमला हिंदुस्थानी रागसंगीताची जोड देणारी 'नृत्यगंगा' त्यांनी पुण्यात उभी केली. या प्रयोगाबद्दल जाणकारांत दुमत आहे. ख्याल अंगाचा राग सावकाश उलगडतो, भरतनाट्यमचे पाऊल चटकदार. दोघांचा संसार सुखाचा होईल काय, अशी शंका मलाही येते. पण शंका काढणे सोपे. मराठी कानाला ओळखीचा राग आणि मराठी मनाला समजणारा शब्द घेऊन हे नृत्य आपल्या दारी यावे, ही तळमळ त्यामागे आहे आणि ती खरी आहे.

अशीच तळमळ मला रोहिणी भाटे यांच्या कामात दिसते. त्यांनी 1947 मध्ये पुण्यात 'नृत्यभारती' काढली आणि 2008 मध्ये जाईपर्यंत कथक शिकवले. कथक उत्तरेचे, लखनौ-जयपूरची घराणी. पण रोहिणीबाईंनी त्याबद्दल मराठीत लिहिले, मराठीत विचार केला, इझाडोरा डंकनचे आत्मचरित्र मराठीत आणले. ज्या कलेबद्दल आपल्या भाषेत बोलता येते, ती कला परकी राहत नाही. पुण्यात कथक घरचे झाले, त्याचे एक कारण हे आहे असे मला वाटते.

येथपर्यंत आलो आणि वाटले, झाले. मुलीला आणि त्या पोराला उत्तर सापडले. पण मग आजींचे वाक्य आठवले. "आपल्या घरातल्या बायका नाचत नाहीत." मग कोणाच्या घरातल्या नाचत होत्या?

सरफोजींच्या रचना नाचल्या कोणी? देवळाच्या आणि दरबाराच्या नर्तकींनी. राजाचे नाव राहिले, चौघा नट्टुवनार भावांची नावे राहिली. ज्यांच्या अंगावर ही कला पिढ्यान्‌पिढ्या जगली, त्या बायकांची नावे बहुतेक पुसली गेली. त्या देवाला वाहिलेल्या. त्यांच्या वाट्याला मान आला तसा अपमानही आला, शोषणही आले. ते आले नाही असे म्हणणे म्हणजे लबाडी होईल. मुंबई इलाख्यात 1934 मध्ये आणि मद्रास इलाख्यात 1947 मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले, ते व्हायलाच हवे होते. पण त्याच सुमारास एक विचित्र गोष्ट घडली. 'सदिर' या नावाने बदनाम झालेला नाच 'भरतनाट्यम' या नावाने प्रतिष्ठित झाला. 1935 मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तो जाहीर रंगमंचावर केला आणि 1936 मध्ये कलाक्षेत्राची स्थापना झाली. सुशिक्षित घरांतल्या मुलींना दार उघडले. ज्यांचे ते घर होते, त्या मात्र हळूहळू दाराबाहेर गेल्या.

रुक्मिणीदेवींना नृत्यातला शृंगार गाळून भक्ती ठेवावीशी वाटली. तंजावर दरबाराशी नाते असलेल्या घराण्यातल्या बालसरस्वतींनी आयुष्यभर सांगितले, की शृंगार हाच या नृत्याचा प्राण आहे आणि तो काढून टाकलात तर भक्तीही पोकळ होईल. मला दोघींबद्दल आदर आहे. रुक्मिणीदेवी नसत्या तर आमच्या पालीची पोर शनिवारी रत्नागिरीला गेली नसती. पण वादात मी बालसरस्वतींच्या बाजूचा. ज्या पोरीला पदातल्या शब्दांचा अर्थ सांगितला जात नाही, तिच्या बाबतीत अडचण बहुधा नुसती तेलुगूची नसते. शब्द प्रेमाचे असतात, रुसव्याचे असतात आणि ते तेराव्या वर्षी कसे सांगावेत, हा संकोच असतो. मग सोपे उत्तर तयार असते, की कृष्णाला बोलावते आहे. आपल्या ज्ञानेश्वरांच्या विरहिणी आणि गौळणी पोरीबाळी भजनात म्हणतात, तेव्हा कोणी संकोचत नाही. तोच धीर नाचाच्या वर्गात दाखवायला काय हरकत आहे?

आमच्या कोकण-गोव्याच्या देवळांतूनही भाविणी होत्या, कलावंतिणी होत्या. गोव्याच्या कलावंत समाजातून केसरबाई केरकर आल्या, मोगूबाई कुर्डीकर आल्या. त्यांच्या गाण्यापुढे सारा देश नमला. गाण्याला मैफलीत जागा मिळाली आणि ते वाचले. त्याच देवळांतल्या नाचाचे मात्र नामोनिशाण जवळजवळ उरले नाही. आजींच्या वाक्यात ही सगळी भीती साठलेली आहे. त्या एकट्या जुनाट नाहीत. आपल्या सबंध समाजाने जे केले, ते त्या एका ओळीत सांगतात.

काहीजण मला म्हणतात, देशात आठ शास्त्रीय नृत्ये मानली गेली, त्यांत महाराष्ट्राचे एकही नाही. आपली लावणी घ्या, दशावतार घ्या, नमन घ्या आणि नववी खुर्ची मागा. आसामच्या मठांतले सत्रिय 2000 मध्ये त्या पंक्तीत बसले, मग आपले का नाही? मला खुर्चीचा मोह नाही. यंदा शिमग्यात मी मुद्दाम त्या पोराच्या वाडीत नमन पाहायला गेलो. मृदंग वाजला, गणपती येऊन गेला, संकासुराने काळ्या अंगरख्यात पोरांना भेडसावले, मग गौळणी आल्या. त्यांत आमचा नववीतला विद्यार्थी, लुगडे नेसून, डोक्यावर मडके. त्याच्या पावलात शास्त्र नव्हते. पण मावशीने पेंद्याला अडवले तेव्हा मांडवातल्या म्हाताऱ्या पुढे सरकून बसल्या. कथा त्यांना तोंडपाठ होती, तरी त्या पुढे सरकल्या. नमनाला शास्त्रीय म्हणवून घेऊन आपण त्याचे काही भले करणार नाही. उलट शास्त्रीय नृत्यानेच नमनाच्या मांडवात येऊन एक रात्र बसावे आणि समोरचा माणूस केव्हा पुढे सरकतो ते पाहावे. शाळा बुडवल्याबद्दल मी त्या पोराला या वर्षी काही बोललो नाही.

मग पुढे काय व्हावे? मोठ्या योजना सुचवण्याचा मला अधिकार नाही. मास्तराच्या कुवतीच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. नृत्याच्या वर्गात प्रत्येक पद आधी भाषा म्हणून शिकवावे. तेलुगू असो, तमिळ असो, मुलीला शब्दन्‌शब्दाचा मराठी अर्थ तोंडपाठ असावा. परीक्षेत तो विचारावा. गुणांचे वेड आहेच, तर ते या कामी लावावे. तंजावरची मराठी निरूपणे महाराष्ट्रातल्या वर्गांत नवलाईची चीज म्हणून न राहता नेमाने शिकवली जावीत. आणि आजच्या मराठी कवींनी नृत्यासाठी नवी पदे लिहावीत, सोप्या मराठीत, मोकळ्या जागा ठेवून. सरफोजी राजे होते म्हणून लिहू शकले असे नाही. त्यांच्या हातून राज्य तर गेलेच होते.

यंदा गौरी-गणपतीत त्या मुलीच्या घरी आरतीला गेलो होतो. आरती आटोपल्यावर तिच्या वडिलांनी तिला नाचायला सांगितले. जागा म्हणजे पडवी. पद संमेलनातलेच. पण आधी ती उभी राहून मराठीत बोलली. तिच्या बाईंना तिने अर्थ विचारला होता आणि बाईंनी, त्यांचे कौतुक केले पाहिजे, सगळा सांगितला होता. "ही राधा आहे. तो काल येतो म्हणाला आणि आला नाही. आज आलाय तर ही दार उघडत नाही." एवढे सांगून ती नाचली. नाच तोच, मुद्रा त्याच. राधेने दाराची कडी लावली, पुन्हा कान देऊन ऐकले, तेव्हा बायकांत खसखस पिकली. आजी माजघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. नाच संपला, पोर नमस्कार करून बाजूला झाली. टाळ्या थांबल्यावर आजी म्हणाल्या,

"अगो, पण मग तिनं दार उघडलं की नाही?"